मीठ सोसणारं भात : जीन बदलून भागेल, की आधी बांध आणि निचरा?

खाचरातली

नमस्कार मंडळी,

४ मे २०२५ ला कृषिमंत्र्यांनी जीनोम एडिटिंगने, म्हणजे रोपाच्या स्वतःच्याच जीनमध्ये नेमका बदल करून, तयार केलेल्या दोन भातजाती जाहीर केल्या, डीआरआर धान १०० म्हणजे 'कमला' आणि पुसा डीएसटी राईस १. यातली दुसरी दुष्काळ आणि खारेपणा दोन्ही सोसते असं सांगितलं गेलं आणि तेव्हापासून आमच्या खारेपाटातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या भातजमिनींच्या पट्ट्यातल्या) व्हॉट्सॅप ग्रुपवर तो मेसेज फिरतोय, खाली सगळ्यांचा प्रश्न एकच, बियाणं कुठे मिळेल. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि घरची जमीन पेणच्या खालच्या अंगाला खाडीलगत आहे, त्यामुळे सगळे मला विचारतात. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहिते, जाणकारांनी भर घालावी.

आधी मीठ झाडाला करतं काय ते. मातीतल्या पाण्यात मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढणं जड जातं, खाचर भरलेलं दिसतं पण रोप तहानलेलं असतं. हा पहिला फटका, तो लगेच बसतो. दुसरा सावकाश बसतो. सोडियम वर पानांत साठत जातो, पोटॅशियमच्या जागा अडवतो, मग जुन्या पानांची टोकं करपतात आणि हळूहळू पान वाळतं. भात यात फार नाजूक आहे. मास आणि हॉफमन यांच्या १९७७ च्या तक्त्याप्रमाणे मातीच्या अर्काची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये) ३ च्या वर गेली की पुढच्या दर एककाला भाताचं उत्पन्न १२ टक्क्यांनी घटतं, गहू ६ पर्यंत आणि बार्ली ८ पर्यंत दम धरते. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं, म्हणजे उधाणाचं पाणी आत आलं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

झाडांकडे यावर स्वतःचे उपाय आहेत आणि जीनवाल्यांनी हात घातला तो तिथेच. एसओएस१ नावाचा पंप मुळातून सोडियम परत बाहेर फेकतो, ही सगळी साखळी जियान-कांग झू यांच्या गटाने ॲराबिडॉप्सिस या रोपात उलगडली. एचकेटी१;५ हे प्रथिन वर चाललेल्या रसातून सोडियम काढून घेतं, पानापर्यंत पोचूच देत नाही. आणि एनएचएक्स१ पेशीतल्या रिक्तिकेत सोडियम कोंडून ठेवतं, नको असलेलं सामान कोठीत टाकून दार लावावं तसं. १९९९ मध्ये एदुआर्दो ब्लूमवाल्ड यांच्या गटाने एनएचएक्स१ जास्त प्रमाणात बनवणारी रोपं तयार केली, २००१ मध्ये टोमॅटोत तोच प्रयोग केला, २०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यावर, म्हणजे समुद्राच्या साधारण ४० टक्के खारेपणात, झाडं वाढली, फळं धरली, आणि मीठ पानांत राहिलं, फळात फारसं गेलं नाही. फार सुंदर काम होतं ते. मी एमएस्सीला असताना आमच्या सरांनी तो पेपर वर्गात वाचून घेतला होता.

त्याला आता पंचवीस वर्षं होतील. तो टोमॅटो कुणाच्या शेतात आहे का? नाही. २००४ मध्येच टिम फ्लॉवर्स यांनी आढावा घेऊन स्पष्ट लिहिलं होतं की दहा वर्षं ट्रान्सजेनिक (बाहेरून जीन घातलेली) झाडं करून झाली तरी शेतात त्याचा उपयोग होतो हे अजून दिसायचंय.

माझं मत सरळ सांगते. कुंडीत मीठ असतं, पण शेतात मीठ आणि तुंबलेलं पाणी एकत्र असतं, आणि या सगळ्या पंपांना ऊर्जा लागते, ऊर्जेला मुळाशी ऑक्सिजन लागतो. मुळं गुदमरली की झाडाची सोडियम अडवायची ताकद ढासळते, मग तो जीन कितीही चांगला असो. भातात मुळाशी हवा पोचवणाऱ्या पोकळ्या असतात म्हणून ते पाण्यात उभं राहतं, पण भाताचा दुसरा प्रॉब्लेम आहे, बराचसा सोडियम पेशींच्या आत न जाता पेशींच्या भिंतींमधल्या वाटेने थेट वर जातो, म्हणजे पंपांना चुकवूनच जातो. त्यामुळे मला बियाण्याबरोबरच बांध, उघाडी (बांधातलं भरती-ओहोटीचं दार) आणि निचरा यांबद्दल बोलायचंय. जीनच्या बाजूनेच बोलतेय मी, पण जीनला काम करता येईल अशी जमीन आधी हवी.

---

कोयनाकाठ

ताई एकदम सविस्तर लिहिलंय, धन्यवाद. मी शिरोळ तालुक्यातला, आमच्याकडं समुद्र नाही पण मीठ आहे. पन्नास वर्षं उसाला पाटाचं पाणी मोकाट दिलं, काळी जमीन, निचरा नाही, खालची पाण्याची पातळी वर आली आणि उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरा थर. माझ्या चुलत्यांचं एक रान असं होतं की पाऊस पडला की चिखल साबणासारखा बुळबुळीत आणि वाळला की दगड, कुदळ बसायची नाही. पुढं दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं गावोगावी शेतकरी एकत्र आले, जमिनीखालनं सच्छिद्र पाइप टाकून पाणी ओढ्याला काढलं, तेव्हा तिथं परत ऊस उभा राहिला. खर्च मोठा आणि एकट्यानं होत नाही, कारण तुमचं पाणी दुसऱ्याच्या रानातनंच जाणार. माझा प्रश्न, हे जीनवालं काही आमच्या उसात, गव्हात येणार आहे का? आणि आमची जमीन खारवट म्हणायची का चोपण, हे आधी बघायला पाहिजे ना?

---

खाचरातली

@कोयनाकाठ दादा, हो, हे आधी बघायलाच पाहिजे. तुम्ही वर्णन केलेलं ते रान चोपणच वाटतंय. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त, ईसी ४ च्या वर, ती गोड्या पाण्याने धुऊन निघते. चोपणात सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो, सामू (पीएच) ८.५ च्या वर, माती फुटून बारीक होते, पाणी मुरतच नाही. तिथे नुसतं धुऊन उपयोग नाही, आधी जिप्सम टाकून कॅल्शियमने सोडियम सोडवायचा आणि मग निचऱ्यावाटे बाहेर काढायचा.

जीनच्या बाबतीतही हा फरक मोठा आहे. एनएचएक्स, एसओएस यांवरचं बहुतेक काम साध्या मिठावर झालेलं आहे. चोपणातल्या जास्त सामूचं दुखणं वेगळं. २०२३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी ज्वारीतला एटी१ नावाचा जीन शोधला, तो चालू असला की पिकाला अल्कली जास्त बाधते, बंद केला की पेशीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर टाकता येतं आणि झाड तग धरतं. ज्वारीत, भातात, मक्यात तो बंद करून चोपण जमिनीवर चाचण्या घेतल्या, उत्पन्न वाढलेलं दिसलं. आपल्याकडे ज्वारीचं एवढं मोठं क्षेत्र आहे, माझ्या मते महाराष्ट्राने या कामाकडे फार बारकाईने बघायला हवं.

गव्हाचं म्हणाल तर सगळ्यात खणखणीत उदाहरण जीन इंजिनिअरिंगचं नाहीच. ऑस्ट्रेलियात राणा मन्स यांच्या गटाने गव्हाच्या जुन्या नातलगातला, ट्रिटिकम मोनोकोकममधला एचकेटी१;५ जीन साध्या संकरातून, मार्कर (जीन आला का ते ओळखायची डीएनएतली खूण) वापरून ड्युरम गव्हात आणला. २०१२ मध्ये निकाल आले, खाऱ्या शेतात उत्पन्न २५ टक्क्यांनी जास्त, आणि चांगल्या जमिनीत तोटा नाही. शेतातला आकडा आहे हा, कुंडीतला नाही.

---

बांधकरी_७

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

दक्षिणतारा

नमस्कार, मी ॲडलेडला असतो, पीक चाचण्यांचं काम करतो. खाचरातली यांनी मांडलेला मुद्दा बरोबर आहे, फक्त एक जोडतो. शेतात खारेपणा सारखा पसरलेला नसतो हे चाचणी घेणाऱ्याचं सगळ्यात मोठं डोकेदुखीचं कारण आहे. इकडे एव्हीपी१ जीन घातलेल्या बार्लीची खाऱ्या शेतात चाचणी झाली, २०१४ मध्ये पेपर आला, झाडामागे दाणे जास्त भरले. ट्रान्सजेनिक पिकाची खाऱ्या शेतातली अशी चाचणी फार दुर्मिळ आहे म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. पण अशा चाचणीत दोन हातांवर ईसी दुप्पट होते, मग तुमच्या जातीचा प्लॉट नशिबाने गोड जागेवर पडला का खरंच जात चांगली आहे, हे ओळखायला प्लॉटची पुनरावृत्ती खूप करावी लागते आणि प्रत्येक प्लॉटची माती वेगळी मोजावी लागते, पैसे तिथेच जातात.

---

खाचरातली

@दक्षिणतारा अगदी हेच. गेल्या पावसाळ्यात मी पेनासारखा ईसी मीटर घेऊन आमच्या एकाच खाचरात फिरले, उघाडीकडच्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्याचं रीडिंग ९ च्या पुढे, मधे ५, आणि वरच्या बांधाला ३ सुद्धा नाही. भात एकच, लावणी एकाच दिवशी. कोपऱ्यातल्या लोंब्या हातात घेतल्या तर चिमटीत निम्मे दाणे पोचट लागत होते, वरच्या बांधाला भरलेले. आता यातल्या कुठल्या जागेवरून जात चांगली की वाईट ठरवणार?

---

बियाणं_आपलं

ताई, तुमचं काम चांगलं आहे पण मला यात वेगळीच भीती वाटते. बीटी कापूस २००२ मध्ये आला तेव्हाही अशीच मोठमोठी आश्वासनं होती, विदर्भात काय झालं ते आपण पाहिलं, आज बोंडअळी परत आली आणि बियाणं दरवर्षी विकत. आता जीनोम एडिटिंगला तर सरकारने नियमातूनच सूट दिली. खारेपाटातले लोक आधीच गरीब, त्यांच्यावर प्रयोग कशाला? पारंपरिक जाती आहेत ना.

---

खाचरातली

@बियाणं_आपलं तुमची भीती मी बाजूला सारत नाही, दोन-तीन गोष्टी मात्र वेगळ्या करायला हव्यात.

पुसा डीएसटीमध्ये बाहेरचा जीन घातलेला नाही. एमटीयू १०१० ही आंध्रातली लोकप्रिय जात, तिच्यातला डीएसटी नावाचा जीन क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्राने तोडला. हा जीन बंद असलेलं भात दुष्काळ आणि मीठ जास्त सोसतं हे २००९ मध्येच चीनमध्ये दिसलं होतं. डीएसटी बंद झाला की पानावरची रंध्रं कमी होतात आणि लवकर मिटतात, पाणी कमी उडतं, आणि पाण्याबरोबर वर येणारं मीठही कमी येतं. म्हणजे हा पंपाचा मार्गच नाही, आणि भातात मीठ पंपांना चुकवून वर येतं हे लक्षात घेतलं तर ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. सूट दिली ती मार्च २०२२ मध्ये, बाहेरचा डीएनए शेवटी शिल्लक नसलेल्या झाडांना. शिवाय ही सरळ जात आहे, हायब्रिड नाही, बी राखून ठेवता येतं आणि २००१ च्या कायद्याने तो हक्क शेतकऱ्याला आहेच. क्रिस्परच्या पेटंटचा प्रश्न मात्र खरा आहे, लायसन्सचं काय ठरलं ते सरकारने लोकांसमोर ठेवायला हवं.

आता आकड्यांबद्दल. भारतीय कृषी संशोधन परिषदेचा दावा असा, मूळ जातीपेक्षा आतल्या भागातल्या खारवट जमिनीत जवळजवळ १० टक्के, अल्कली जमिनीत १४-१५ टक्के आणि किनारी खारवट जमिनीत ३० टक्के जास्त उत्पन्न. ३० टक्के ऐकायला मोठं वाटतं, पण किनाऱ्यावर मूळ जातीचंच उत्पन्न हेक्टरी १९ क्विंटल होतं, ते २५ च्या आसपास गेलं. गरीब माणसाला ६ क्विंटल कमी नाहीत हे मला घरातूनच माहिती आहे. पण तुलना एमटीयू १०१० शी आहे, आमच्याकडच्या खाऱ्या जमिनीच्या पनवेल ३ या जातीशी नाही! जी जात खाऱ्या जमिनीची नाहीच तिच्यापेक्षा चांगली असणं आणि खारेपाटात आधीच पिकणाऱ्या जातीपेक्षा चांगली असणं, यात फार अंतर आहे. काही संघटनांनी चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले, परिषदेने ते फेटाळले. माझी मागणी साधी आहे, पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात, पनवेल १, २, ३ आणि राता या जुन्या स्थानिक भाताशेजारी लावून, प्रत्येक प्लॉटची ईसी मोजून निकाल जाहीर करा.

---

मानशीकडची

गोव्यातून बोलतेय. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, कोरगुट हे भात पिढ्यान्‌पिढ्या आहे, उंच वाढतं, दाणा जाड, उत्पन्न थोडं, पण खारं पाणी आलं तरी उभं. त्यातूनच निवड करून इथल्या आयसीएआरच्या केंद्राने गोवा धान १ आणि २ दिल्या, उत्पन्न कोरगुटपेक्षा चांगलं. पण आमच्याकडचं दुखणं मानस (तुमची उघाडी) आणि बांधाचं आहे. पूर्वी गावकरी मिळून बांध सांभाळायचे, भरतीला मानशीच्या फळ्या बंद, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर. आता मानशीवर मासे धरायचा लिलाव होतो, आणि माशांसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेतलं की शेतं बुडतात. ज्या खाजनात कोरगुटसुद्धा टिकलं नाही तिथे दिल्लीहून आलेली जात काय टिकणार? कोरगुटचं बी आता शोधावं लागतं, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

---

खाचरातली

@मानशीकडची मनापासून पटलं. आमच्याकडेही काळा राता, भुरा राता हे लोकांनीच राखलेले, त्यातून पूर्वी काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० निवडले गेले. आणि जगभर ज्या जीनवर आज काम चालतं ते अशाच भातांतून आलेत. बंगालच्या नोना बोक्रामधून २००५ मध्ये एसकेसी१ सापडला, तो भातातला एचकेटी१;५ च. केरळच्या पोक्कालीतून सॉलटॉल हा गुणसूत्र १ वरचा तुकडा मिळाला, तो मार्कर वापरून कितीतरी जातींत घातला गेला. कोरगुट किंवा रात्यात अजून काय दडलंय हे शोधायच्या आधीच बी संपलं तर एडिट करणार काय? बी राखणं हे जीन इंजिनिअरिंगचंच काम आहे असं मी समजते.

---

पूर्णाखोरे

इथं कोणी खारपाण पट्ट्याचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. अकोला, अमरावती, बुलडाणा, पूर्णेच्या दोन्ही अंगांनी. आमच्याकडे विहीर खणली तर पाणी खारंच लागते, जमीन चोपण, त्यामुळे सगळं पावसावर. हरभरा आणि कापूस. कापूस खारेपणा बऱ्यापैकी सोसते, हरभऱ्याचं मात्र उगवणीलाच वांधे. भातासाठी एवढं संशोधन, हरभऱ्यासाठी काय?

---

दक्षिणतारा

@पूर्णाखोरे हरभरा हे मिठाला सगळ्यात नाजूक पिकांपैकी एक आहे, फूल आणि घाटे लागताना तर फारच. करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने करनाल चना १ दिला होता, पण तो उत्तरेच्या भागासाठी. जीन इंजिनिअरिंगच्या बाजूने बोलायचं तर डाळवर्गीय पिकांत ऊतिसंवर्धनातून अख्खं झाड परत उभं करणंच अवघड जातं, त्यामुळे सगळं मागे पडलं. तुमच्याकडे पावसाचं पाणी शेततळ्यात धरून स्प्रिंकलरने एखादं पाणी देणं हे आज तरी कुठल्याही जीनपेक्षा जास्त देईल.

---

बांधकरी_७

एक प्रश्न. तिवरं तर खाऱ्या पाण्यातच वाढतात, मग तिवराचा जीन भातात घातला की झालं, असं का करत नाहीत?

---

खाचरातली

केलंय की. चेन्नईच्या स्वामिनाथन फाउंडेशनमध्ये अजय परिदा यांच्या गटाने तिवरातून, म्हणजे ॲव्हिसेनिया मरिनातून, जीन काढून भातात घातले, त्यातला एक ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून पेशीला वाचवणारा एसओडी. प्रयोगात त्या भाताने मीठ जास्त सोसलं. पण तिवर एका जीनवर जगत नाही. पानातल्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतं, मुळाशीच बरंचसं गाळतं, हवेसाठी चिखलातून वर श्वासमुळं काढतं, आणि मुख्य म्हणजे सावकाश वाढतं. भाताला १२०-१२५ दिवसांत दाणे भरायचे असतात. सगळी ताकद मीठ उपसण्यात गेली तर लोंबीत काय येणार? चीनच्या सागरी भाताच्या बातम्याही अशाच वाचाव्यात, त्यात वापरलेलं पाणी ०.६ टक्के मिठाचं होतं, समुद्राचं साडेतीन टक्के असतं.

---

अलिबाग_चरी

ताई, माझं दोन एकर खारेपाटात आहे. बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) दोन वर्षांपूर्वी खांड गेली, म्हणजे बांध फुटला, अर्ज करून थकलो, शेवटी गावाने वर्गणी काढून मातीची भर टाकली. जमीन अजून खारीच. तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर, पण यंदा मी नेमकं काय करू ते सांगा.

---

खाचरातली

@अलिबाग_चरी दादा, गावाने भर टाकली हेच यंदाचं सगळ्यात मोठं काम झालं. आता मे संपायच्या आत उघाडीची झडप भरतीला पूर्ण बसते का ते स्वतः उभं राहून बघा, बोटभर फट राहिली तरी उधाणाला पाणी आत येतं. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी खाचरात दोन-तीन दिवस कोंडून ठेवा, हलकी चिखलणी करा आणि ओहोटीला सगळं सोडून द्या. एवढंच परत एकदा. मगच पेरा. घाई करून पहिल्याच पाण्यावर रहू (मोड आणलेलं बी) टाकलात तर मोड करपतील, त्यापेक्षा वरच्या गोड्या जागेत आवण (रोपवाटिका) करा आणि जरा जून रोपं, एका चुडात नेहमीपेक्षा जास्त, अशी लावणी करा. भात दोनदा नाजूक असतं, रोप लहान असताना आणि पोटरीतून निसवताना. मधे बऱ्यापैकी सोसतं. निसवायच्या वेळी पावसाने उघडीप दिली की खालचं मीठ वर येतं, तेव्हासाठी खाचरात गोडं पाणी धरून ठेवा. जात पनवेल ३ घ्या, बियाण्यासाठी पनवेलच्या केंद्रात आधीच विचारून ठेवा, उशीर केला की संपतं. पुसा डीएसटीसाठी यंदा थांबू नका, मिळालीच तर एका कोपऱ्यात शेजारी लावून बघा.

---

कोयनाकाठ

ताई, एडिट केलेली जात आली तर मी पण लावून बघायला तयार आहे, पण आमच्यात भात नाही, गहू-ज्वारीत काही आलं तर सांगा. आणि पाइपातनं काढलेलं खारं पाणी ओढ्यातनं नदीला जातं, खालच्या गावांचं काय, यावर पण कुणीतरी लिहा.

---

खाचरातली

@कोयनाकाठ नक्की, निचऱ्याच्या पाण्यावर तुम्हीच धागा काढा, तुमच्याइतकं कुणी जवळून पाहिलेलं नाही. आपल्या राज्यात ६ लाख हेक्टरच्या वर जमीन क्षारांनी बाधित आहे, गुजरात आणि उत्तर प्रदेशानंतर आपणच, आणि नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० मध्येच लिहून ठेवलंय.

खारेपाट, खाजन आणि खारपाण पट्टा, जे कुणी या हंगामात पेरणार आहेत त्यांनी एक करा. ईसी मीटर गटात मिळून एक घ्या. लावणीच्या दिवशी आणि निसवताना, खाचराच्या तीन जागांचं रीडिंग, जातीचं नाव आणि शेवटी त्या तीन जागांचं एकेक चौरस मीटरचं वजन, एवढं इथे टाका. तक्ता मी करते. पुसा डीएसटी कुणाच्या हाती आलीच तर शेजारी स्थानिक जात लावल्याशिवाय रीडिंग टाकू नका, नाहीतर त्याचा काही उपयोग होणार नाही.

---

मानशीकडची

माझ्या ओळखीत दोन घरांत कोरगुट अजून आहे. त्यांची रीडिंग मी पाठवते, आणि बी सुद्धा थोडं बाजूला काढायला सांगते.